दहा की पंचवीस? .२२ रायफलीचं मॅगझिन निवडताना

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'काय असतंय बघा' थोडे छाटलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

माधवनगरातनं बोलतोय. मध्येच रेल्वेचा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या, स्टेशन जवळ आहे आणि मिरजेकडची गाडी माझं रेकॉर्डिंग बघून थांबत नाही.

आजचा विषय जरा वेगळा आहे. माझा मावसभाऊ टेक्सासमध्ये असतो, डॅलसजवळ. आम्ही त्याला दादाच म्हणतो, इथंही दादाच म्हणेन. त्याचं ग्रीन कार्ड झालंय, वहिनी आहेत, बारा वर्षांची पुतणी आहे. गेल्या वर्षी एका रात्री त्याचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. किचनच्या ओट्यावर भाकरवडीचा पुडा आणि शेजारी दोन काळ्या वस्तू. एक काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, दुसरी केळ्यासारखी वाकडी. खाली प्रश्न : "दहाचं ठेवू की पंचवीसचं? तू इंजिनियर आहेस, सांग."

दादा पण इंजिनियरच आहे, तो भाग वेगळा.

त्याने हौस म्हणून .२२ ची सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेतली होती, रुगर १०/२२. सेमी-ऑटो म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पण पुढची गोळी आपोआप नळीत चढते. चाप दाबून धरला की धडाधड सुटतात, ती फुल-ऑटो. ती सिनेमात असते आणि फौजेत असते. लोक या दोन्हींत गल्लत करतात, म्हणून आधीच सांगितलं. १०/२२ हे मॉडेल १९६४ सालचं आहे आणि अमेरिकेत कित्येक पोरं याच रायफलीवर नेम धरायला शिकतात. आपल्याकडे पोरं जशी बाबांच्या जुन्या स्कूटरवर गाडी शिकली, तसं.

आता तुम्ही म्हणाल, सांगलीत बसून हा कशाला बोलतोय यावर? आपल्याकडे हौशी माणसाला असल्या रायफलीचा परवाना मिळणं जवळपास अशक्य. बरोबर आहे. मी स्वतः दहा मीटर एअर रायफल मारतो, तीही रविवारची हौस म्हणून, मेडल वगैरे काही नाही. पण दादाच्या प्रश्नाने मला एक गोष्ट कळली. 'मॅगझिनमध्ये किती गोळ्या' हा प्रश्न आपल्या भागात कधी पडलाच नाही, आणि तरीही रायफलवाले आपल्या भागाने जगाला दिलेत.

आमच्या आजोबांकडे बारा बोअर होती, दोन नळ्यांची. क्षमता दोन. पुढचा विषयच नाही. रानडुकरांसाठी परवाना काढलेला, आणि निवडणूक लागली की ती बंदूक ठाण्यात जमा. आजोबा पावती धोतराच्या सोग्यात बांधून आणायचे. आपल्याकडे कायदा काडतुसं मोजतो, परवान्यावरच लिहिलेलं असतं किती बाळगायची आणि वर्षाला किती घ्यायची. अमेरिकेत काडतुसं कोण मोजत नाही, हजार घ्या. तिथली काही राज्यं मोजतात ते मॅगझिन.

आणि आपले कोल्हापूरचे नेमबाज बघा. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर रायफल प्रोनची विश्वविजेती झाली. राधानगरीकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं ब्राँझ. ही पण .२२ च रायफल, काडतूस दादाच्याच जातीचं. पण त्या रायफलीला मॅगझिन नसतंच. नियमच आहे, प्रत्येक गोळी हाताने भरायची. पात्रता फेरीत साठ गोळ्या म्हणजे साठ वेळा हात खिशाजवळ किंवा डबीजवळ जातो, बोल्ट उघडतो, बंद होतो. राही सरनोबतची २५ मीटर पिस्तूल सेमी-ऑटो असते, तिला मॅगझिन असतं, पण भरायच्या पाच. मालिका पाचाचीच असते. अमेरिकेतही सीएमपी म्हणून संस्था आहे, त्यांच्या रिमफायर स्पोर्टर स्पर्धेत दादासारखीच रायफल चालते. तिथे जलद फेरी म्हणजे पाच गोळ्या, पंचवीस सेकंद. हाताने बोल्ट ओढायची रायफल असेल तर तीस सेकंद.

मग पंचवीसचं मॅगझिन येतं कुठून? खरं सांगायचं तर मजेतनं. डबे मांडायचे, टणाटण पाडायचे. त्यात वाईट काही नाही, मी नाक मुरडत नाहीये. गणपतीत हजाराची माळ लावणाऱ्या गावचा माणूस आहे मी.

पहिल्या दिवशी मी दादाला उत्तर दिलं ते अगदी यंत्राच्या अंगाने दिलं. तेही सांगतो, कारण त्यात तथ्य आहे.

.२२ च्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते. अंग साधारण ५.७ मिलिमीटर आणि कड ७ मिलिमीटर. आता अशी काडतुसं एकावर एक रचली तर बुडाकडची बाजू जाड होत जाते, म्हणून थप्पी वाकते. पंचवीसचं मॅगझिन केळ्यासारखं का, तर म्हणून. आणि वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकली की गोळी नीट चढत नाही, रायफल अडते. दहाच्या मॅगझिनमध्ये थप्पी नाहीच. आत एक चक्री आहे, तिच्या खाचांत काडतुसं एकमेकांपासून वेगळी बसतात. एका कडेने दुसरीला छळायचा प्रश्न येत नाही. १९६४ साली कोणीतरी शांत डोक्याने बसून हे काढलंय. मला असली डिझाइन बघितली की आमच्या कोडबेसची लाज वाटते.

शिवाय दहाचं मॅगझिन रायफलीच्या पोटात पूर्ण मावतं. पंचवीसचं खाली लोंबतं. पालथं झोपून मारायला गेलात की ते जमिनीला टेकतं, टेबलावर टेकवून मारायला गेलात की टेबलाला. भरायचा वेळ धरा, अंगठा दुखतो तो वेगळाच. हे सगळं मी दादाला लिहून पाठवलं, मुद्दे घालून. त्याने अंगठा दाखवला आणि दोन्ही ठेवली. मला वाटलं, झालं काम.

खरं उत्तर मला नंतर मिळालं.

गेल्या हिवाळ्यात ऑफिसच्या कामाने तीन आठवडे डॅलसला गेलो, बी-१ व्हिसावर. शनिवारी दादा म्हणाला चल रेंजवर, पुतणीला पण घेऊ. मी कायदा वाचून ठेवला होता. हे नीट ऐका, कारण आपल्या बऱ्याच पोरांना माहीत नसतं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतूस बाळगणं गुन्हा आहे. अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे तिथल्या एखाद्या राज्याचं शिकारीचं लायसन्स. हे एच-१बी ला सुद्धा लागू होतं. "रेंजवर भाड्याने घेतली तर चालते" असं दहा जण सांगतील. सांगू देत. व्हिसा त्यांचा नाही, तुमचा आहे.

तर मी काडतुसाला सुद्धा हात लावला नाही. मागच्या बाकावर बसलो, कानाला मफ, डोळ्याला चष्मा, मांडीवर वही. करायला काही नाही म्हणून मोजत बसलो. किती सुटल्या, कागदावर कुठे लागल्या. सवय आहे, लॉग ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही.

दादाने आधी दहाचं लावलं. पुतणी छान मारत होती. दोन-तीन गोळ्या, थांब, श्वास, परत. दहा झाल्या की रायफल खाली, मॅगझिन बाहेर, दादा तिच्याशी बोलणार, ती कागद बघणार, परत भरणार. बारा वर्षांची पोर, पण तालात होती. मग ती म्हणाली, "बाबा, आता मोठं लावू ना." लावलं.

पहिल्या आठ-दहा चांगल्या. पंधराच्या पुढे वेग वाढला, कागदावरचा पुंजका फुटला. डावा हात थकलाय हे मला मागनं दिसत होतं, कोपर खाली येत होतं. पण थांबायला काही कारणच नव्हतं ना. गोळ्या होत्या की अजून. मग क्लिक. बार नाही, नुसतं क्लिक.

"संपल्या," ती म्हणाली, आणि दादाकडे वळायला लागली.

इथे एक गोष्ट माहीत पाहिजे. बऱ्याच सेमी-ऑटो रायफलींत शेवटची गोळी सुटली की बोल्ट मागे अडकून राहतो, उघडा दिसतो, कळतं की संपलं. १०/२२ मध्ये तसं नाही. शेवटच्या गोळीनंतर बोल्ट परत पुढे येऊन बंद होतो. रिकामी रायफल आणि भरलेली रायफल बाहेरनं सारखीच दिसते. संपल्याची खूण एकच, क्लिक.

आणि काडतूस फुसकं निघालं तरी आवाज तोच येतो. क्लिक.

माझ्या वहीत तेवीस रेघा होत्या.

मी ओरडलो, "दादा, तेवीसच झाल्यात!" मराठीत ओरडलो, आणि कसं कोण जाणे मफमधनं त्याला ऐकू गेलं. त्याने एका हाताने नळी पुढेच धरली, दुसऱ्या हाताने पोरीचं बोट चापावरनं काढलं. रायफल समोर टेकवून ठेवली आणि तसाच उभा राहिला. तीस सेकंद थांबायचं असतं, कारण फुसकं वाटणारं काडतूस क्वचित उशिरा पेटतं. मी एवढे लांब तीस सेकंद आयुष्यात मोजले नाहीत. मग मॅगझिन काढलं, त्यात एक शिल्लक. बोल्ट मागे ओढला, नळीतनं एक काडतूस टेबलावर पडलं. बुडाच्या कडेवर पिनचा ठसा होता. आपटलं होतं, पेटलं नव्हतं.

काही झालं नाही. पोर जेमतेम पाव वळली होती, नळी अजून टारगेटच्या बाजूलाच होती. रेंजवाल्या माणसाने येऊन बघितलं, दादाशी दोन शब्द बोलला, पोरीला म्हणाला की यू डिड फाइन. पण दादाचा चेहरा उतरलेला. परत येताना गाडीत कोणी बोललं नाही. पोरगीच शेवटी म्हणाली, "काका, तुम्ही का मोजत होता?"

आता कोणी म्हणेल, चूक मॅगझिनची नाही, शिकवणीची. क्लिक झाली तरी रायफल भरलेलीच धरायची, हे पहिल्या दिवशी शिकवायला हवं होतं. अगदी मान्य. दादाने शिकवलंही होतं. पण बारा वर्षांचं डोकं दहापर्यंत मोजतं, पंचवीसपर्यंत मोजत नाही. माझंही नसतं मोजलं, हातात वही नसती तर. नऊनंतर क्लिक आली तर तिला लगेच खटकलं असतं, की अरे, दहावी कुठाय? पंचविसात तेवीस काय, चोवीस काय, सगळं 'बरेच' यात जमा.

म्हणून माझं मत असं झालंय : हौसेच्या रायफलीला तेवढंच मॅगझिन घ्यावं, जेवढं तुम्ही मनात न चुकता मोजू शकता. माझ्यासाठी ते दहा. शिकाऊ पोरासाठी दहाच्यात पाचच भरा. मॅगझिनं जास्त घ्या की, चार घ्या, पाच घ्या, घरनं भरून न्या. गोळ्या तेवढ्याच उडतात, फक्त मध्ये मध्ये थांबावं लागतं. त्या थांबण्यातच हात विसावतो आणि कागदाकडे नजर जाते.

याच थांबण्यावर तिकडचं राजकारण चालतं. जानेवारी २०११ मध्ये ॲरिझोनातल्या टूसॉनला एका माणसाने पिस्तुलाला तेहतीसचं मॅगझिन लावून सहा जणांना मारलं. ते संपल्यावर दुसरं लावायला गेला त्या क्षणात लोकांनी त्याला खाली पाडलं. मर्यादा पाहिजे म्हणणारे ते काही सेकंद दाखवतात. नको म्हणणारे म्हणतात, प्रामाणिक माणसालाच बेडी कशाला. न्यूझीलंडने २०१९ मध्ये ख्राइस्टचर्चच्या हल्ल्यानंतर बहुतेक सेमी-ऑटो बंद केल्या. तिथे एक्कावन्न माणसं गेली होती. तरी .२२ रिमफायर ठेवली, दहापर्यंतच्या मॅगझिनसकट. म्हणजे कडक कायदा करतानाही त्यांना हौशी माणसाची रायफल कुठे संपते हे ठरवावं लागलं, आणि आकडा दहाच निघाला. मला वैयक्तिक ते पटतं. तुम्हाला नसेल पटत तर मेल करा, शिव्या कमी घाला.

पण दादाच्या बाबतीत मत बाजूला राहिलं, कारण मार्चमध्ये त्याची बदली निघाली. न्यू जर्सी.

टेक्सासमध्ये मॅगझिनला मर्यादा नाही. न्यू जर्सीत १९९० पासून पंधराची होती, २०१८ मध्ये ती दहावर आणली. कॅलिफोर्नियात दहा, वॉशिंग्टन राज्यात २०२२ पासून दहाच्या वरचं विकायला बंदी. गंमत बघा, आपली मराठी मंडळं जिथे जोरात चालतात, एडिसन, बे एरिया, सिएटल, तिथेच नेमकी ही मर्यादा आहे. टेक्सासच्या दुकानात रीतसर घेतलेली वस्तू घरसामानाच्या ट्रकमधनं न्यू जर्सीत उतरली की गुन्हा. आणि ग्रीन कार्डवाल्याला बंदुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर प्रकरण दंडावर थांबत नाही, हद्दपारीपर्यंत जाऊ शकतं. कोर्टात या कायद्यांवर भांडणं चालू असतात, त्यामुळे जाण्याआधी त्या त्या वेळचा कायदा वकिलाकडनं तपासून घ्या, माझ्या पॉडकास्टवरनं नको.

न्यू जर्सीतलाच एक जुना खटला आहे, अपिलाचा निकाल १९९६ चा. एका माणसाने नेमबाजीच्या स्पर्धेत बक्षीस म्हणून .२२ ची मार्लिन रायफल जिंकली होती. तिच्यात नळीच्या खाली लांबट नळकांड्याचं मॅगझिन असतं, त्यात सतरा गोळ्या मावायच्या. तेव्हाची मर्यादा पंधरा. माणूस स्वतः बंदुका शिकवणारा. त्याने ती रायफल एकदाही उडवली नव्हती, तिजोरीत पडून होती. म्हणाला, तिच्यात किती मावतात हे मला माहीतच नव्हतं. कोर्टाने शिक्षा कायम ठेवली. बंदूक जवळ बाळगतोस तर तिच्यात किती मावतात ते बघणं तुझं काम, असा एकंदर सूर. दोन गोळ्यांचा फरक, आणि त्या कधी भरल्याही नव्हत्या.

मी हे दादाला फोनवर वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "थांब, गॅरेजमध्ये जाऊन येतो."

पंचवीसची दोन त्याने रेंजच्या घटनेनंतर कपाटात टाकली होती. ती तिथल्याच एका मित्राला देऊन टाकली. ट्रक यायच्या आदल्या रात्री परत फोन. रेंजची बॅग तीन वेळा उलटी केली, काही नाही. चौथ्यांदा वहिनींनी त्याच्या हिवाळी जाकिटाचे खिसे बघितले, तर एकात पंधराचं मॅगझिन. कधी घेतलं, कुणाचं, दादाला आठवेना. तेही मित्राकडे गेलं, रात्री अकरा वाजता, गाडी काढून. वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, तुमच्या दादाला चार्जर सापडत नाही कधी, आणि हे खिशात घेऊन फिरतोय."

आता दहाची पाच आहेत त्यांच्याकडे. पुतणी परवा व्हिडिओ कॉलवर होती. विचारलं, काय चाललंय रेंजवर? म्हणाली, मी मनात मराठीत मोजते, कारण इंग्लिशमध्ये मोजलं की बाबा पण बरोबर मोजायला लागतो आणि मग माझं चुकतं.

बरं, एअर रायफलीबद्दल तिघांनी विचारलंय, ते पुढच्या भागात घेतो. गाडी आली बघा. ऐकू येतोय का हॉर्न? चला, थांबतो इथेच.